प्रतिसाद : फोन घरात एकच असतो

स्वीडनने २०२३ मध्ये छापील पुस्तकांकडे परत मोर्चा वळवला म्हणून आपणही शाळेतले टॅब गुंडाळा, हे वर म्हटलंय ते अर्धंच पटलं. तिकडे पोरांच्या हातात टॅब देऊन झाल्यावर ते मागे फिरले, आमच्या तिसरीच्या वर्गात निम्म्याहून जास्त घरांत फोन एकच आहे आणि तो सकाळी बापाबरोबर कामावर जातो तो रात्री आठला परत येतो. तोवर पोरगं पेंगायला लागलेलं असतं, आणि अभ्यास ग्रुपवर टाकलाय असं म्हणून आपण शिक्षक मोकळे! मीही दोन वर्षं हेच केलं, खोटं कशाला बोला.

पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडला मात्र सरसकट नावं ठेवू नका. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले सरांनी ते आधी केलं आणि मग सगळ्या बालभारतीत आलं, ते पोरांना मोबाईलला चिकटवायला नव्हतं. बऱ्याच जणांना माहीत नसतं, दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपच्या क्यूआरखाली सहा अक्षरी कोड छापलेला असतो, चौकोनावर तेलाचा डाग पडला किंवा पान फाटलं तरी तो ॲपमध्ये टाईप केला की धडा उघडतो, आणि डाऊनलोड करून ठेवला की नंतर रेंजची गरज पडत नाही. मी आता घरूनच व्हिडिओ उतरवून नेते, वर्गात सगळ्यांना मिळून पाच मिनिटं दाखवते. घरचा अभ्यास वहीतच. काल नाण्यांच्या धड्याला आईच्या डब्यातली चिल्लर मोजून आणा म्हटलं, तर एकजण चक्क गल्ल्यासकट आला.