दिवाळीच्या एकांकिका: अंधारात चालेल असा कॅमकॉर्डर कोणता?

प्रेषक: सांस्कृतिक समिती

मंडळी, सप्रेम नमस्कार.

यंदा दिवाळीला दोन एकांकिका आहेत. गेल्या वर्षीचं चित्रीकरण आपण पाहिलंच: चेहरे पांढरेफटक, मागचा काळा पडदा करडा आणि त्यावर मुंग्या वळवळाव्यात तसे ठिपके. पुण्या-नाशिकच्या आजी-आजोबांना नातवंडांचं काम एवढ्यातूनच दिसतं, म्हणून यंदा ते नीट व्हावं अशी फार इच्छा आहे.

समितीने कॅमकॉर्डरसाठी ५०० पौंड मंजूर केलेत. ‘४८ मेगापिक्सेल, फोर-के, नाइट व्हिजन’ असा एक नवाकोरा दीडशे पौंडांत दिसतोय. दुसऱ्या एकाच्या माहितीत ‘किमान प्रकाश ०.१ लक्स’ लिहिलंय. आकडा जितका कमी तितका अंधारात चांगला, असंच ना? जाणकारांनी कृपया सांगावं.

*

प्रेषक: चित्रीकरण बघणारा

ताई, नमस्कार.

दीडशे पौंडांचा तो कॅमकॉर्डर कृपया घेऊ नका. अंधारात मेगापिक्सेलचा काही उपयोग नसतो. या वर्गातल्या कॅमेऱ्यांचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) चिमुकला असतो आणि झूम बहुतेकदा डिजिटल, म्हणजे आहे तेच चित्र कापून मोठं केलेलं. नाइट व्हिजन म्हणजे अवरक्त दिवा. त्याचा उजेड काही मीटरच पोचतो आणि चित्रातले रंग जातात. रंगमंचासाठी तो बादच.

लक्स हे उजेडाचं माप, पण त्या आकड्याखालची बारीक अक्षरं वाचा. ०.१ लक्स हा आकडा बहुधा शटर अर्धा सेकंद उघडं ठेवून मिळवलेला असतो. पौर्णिमेचं चांदणं जवळपास तेवढंच असतं! पण अर्धा सेकंद शटर उघडं राहिलं तर नुसता हात उचलला तरी तो फरफटल्यासारखा दिसतो. शिवाय प्रत्येक कंपनीची मोजायची रीत वेगळी, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून काही ठरवता येत नाही.

बघायचं ते सेन्सरचा आकार आणि पूर्ण झूम केल्यावर उरणारं अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगाचं प्रकाश आत घेणारं छिद्र. ‘एफ’चा आकडा जितका लहान तितकं ते मोठं. ‘१ इंची’ म्हणतात तो सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो, तर १/२.३ इंची साधारण ६.२ बाय ४.६ चा. क्षेत्रफळात चौपट फरक पडतो. अ‍ॅपर्चरकडे मात्र फारसं कुणी बघत नाही, आणि आपली अडचण नेमकी तिथेच आहे. कॅमेरा हॉलच्या शेवटच्या रांगेमागे, म्हणजे झूम ताणलेलाच राहणार. भिंगावर ‘एफ १.८ ते ४.०’ लिहिलं असेल तर १.८ हे फक्त रुंद चित्राला. चेहरा जवळ आणला की ४.०, म्हणजे प्रकाश पाचव्या हिश्श्यावर येतो. मग कॅमेरा गेन (सेन्सरच्या सिग्नलचं बळ) वाढवतो आणि त्या मुंग्या तिथूनच येतात. दर ६ डेसिबल गेनला चित्राचा उजेड दुप्पट होतो, पण त्याबरोबर ठिपकेही उठून दिसायला लागतात.

माझं मत विचाराल तर वापरलेला कॅनन लेग्रिया एचएफ जी३० किंवा जी४० शोधा. जी३० हे २०१३ चं मॉडेल. फोर-के नाही, फक्त फुल एचडी. पण सेन्सरवर पिक्सेल २९ लाखांच्या आसपासच असल्याने प्रत्येक पिक्सेल ऐसपैस, आणि २० पट झूम पूर्ण ताणला तरी भिंग एफ २.८ वर राहतं. या पैशांत असं भिंग सहसा मिळत नाही. कार्डाच्या दोन जागा आहेत, एक भरलं की दुसऱ्यावर चित्रीकरण चालू राहतं. बाहेरच्या माइकची आणि हेडफोनची सोयही आहे.

सोनीचा एफडीआर-एएक्स१०० (२०१४) चांगल्या अवस्थेत आणि आपल्या बजेटमध्ये मिळाला तर तो आणखी बरा. सेन्सर १ इंची आहे, झूम मात्र १२ पटच. त्यांचाच एएक्स५३ हात हलला तरी चित्र स्थिर ठेवतो, त्यामुळे हातात धरून चित्रीकरण करायला फार छान, पण आपण ट्रायपॉडवर लावणार, मग त्या स्थिरतेचे पैसे कशाला द्यायचे?

*

प्रेषक: खजिनदार

सविस्तर माहितीबद्दल धन्यवाद. दोन शंका. हल्लीचे फोन इतके चांगले असताना जुना कॅमेरा का घ्यायचा? आणि माझा पुतण्या न्यू जर्सीहून येतोय, तिकडून आणला तर स्वस्त पडेल का?

*

प्रेषक: चित्रीकरण बघणारा

काका, रुंद चित्रासाठी फोन उत्तमच आहे. हॉलच्या मागून चेहरा टिपायचा म्हटलं की त्याला झूमचं भिंग लागतं, आणि त्यामागचा सेन्सर आणखी लहान. अंधार असला की बरेच फोन ते भिंग सोडून देतात आणि मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र कापून दाखवतात. फोटोचा कॅमेराही कुणी सुचवेल, पण जुन्या मॉडेलांपैकी बरीच २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतात. आपली एकांकिका पाऊण तासाची आहे.

अमेरिकेतून कृपया नको. तिथलं मॉडेल सेकंदाला ३० किंवा ६० चित्रं घेतं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हॉलच्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० सेकंदावर असलं की ते लपतं, पण तिथल्या मॉडेलचं सहसा १/६० वर असतं आणि मग चित्रात पट्टे सरकू शकतात. युरोपात विकलेलाच घ्या, नावात ‘लेग्रिया’ असेल. अमेरिकेत त्याच मालिकेला ‘व्हिक्सिया’ म्हणतात.

कुठलाही कॅमेरा आला तरी ऑटोवर सोडू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. काळ्या पडद्यापुढे एकच पात्र उजेडात असलं की कॅमेऱ्याला वाटतं सगळीकडे अंधार आहे. तो उजेड वाढवतो आणि चेहरा पांढरा होतो. गेल्या वर्षी हेच झालं. शटर १/५० वर पक्कं करा, गेनला मर्यादा घाला, व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगांची जुळणी) दिव्यांप्रमाणे ठरवून ठेवा. पिवळ्या हॅलोजनला ३२०० केल्विन चालतं. झेब्रा पट्टे (ठरवलेल्या उजेडाच्या भागावर कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दिसणाऱ्या रेघा) ७० टक्क्यांवर लावा, गालाच्या उजळ भागावर ते जेमतेम दिसावेत, मग पडदा काळाच राहू द्या. फोकसही हाताने करा, अंधारात ऑटोफोकस पुढे-मागे भटकत बसतो.

आणि जमलं तर शेवटची रांग सोडून हॉलच्या मध्यावर जागा द्या. झूम कमी लागला की भिंग जास्त उघडं राहतं. त्यासाठी चार खुर्च्या गेल्या तरी जाऊ द्या.

*

प्रेषक: प्रकाशयोजना

खुर्च्यांच्या मुद्द्याला माझा पाठिंबा. एक भर घालते. आपले एलईडी दिवे अगदी मंद केले की डोळ्यांना कळत नाही, पण कॅमेऱ्यात लुकलुकतात. ते थोडे जास्त ठेवून पुढे फिल्टर लावीन. समईच्या प्रसंगात पात्राच्या बाजूने एक पिवळा दिवा लपवून देता येईल. समईच्या वातींवर चेहरा डोळ्यांना दिसतो, कॅमेऱ्याला तेवढा उजेड पुरत नाही. रंगीत तालमीला कॅमेरा घेऊन या, दिवे आणि कॅमेरा एकत्रच बसवू.

*

प्रेषक: सांस्कृतिक समिती

सर्वांचे मनापासून आभार. मग वापरलेला जी३० किंवा जी४० शोधतो. विकणाऱ्याकडे जाताना चित्रीकरण बघणाऱ्यांनी सोबत यावं ही विनंती, खोलीतले दिवे बंद करून झूम ताणून तिथेच बघता येईल. ट्रायपॉड मंडळाकडे आहे. रंगीत तालमीच्या दिवशी हॉल दुपारी २ पासून आपला आहे.

लेखकांकडून प्रयोगाची परवानगी आली आहे. यूट्यूबवर टाकायची वेगळी मागावी लागेल, ते पत्र मी लिहिते. मुलं काम करताहेत, त्यामुळे पालकांची लेखी संमती तालमीच्या आधी हवी. अर्ज आज रात्री पाठवते.