स्टेशनपासून चालत ५ मिनिटं! घर घेताना-विकताना पायी अंतराचे तुमचे अनुभव

आडवाट
काल भाच्याने व्हॉट्सॲपवर जाहिरात पाठवली. ‘डोंबिवली पूर्व, प्रशस्त टू बीएचके, स्टेशनपासून चालत ५ मिनिटं.’ नकाशात बघितलं तर घारडा सर्कलच्या पुढे! एवढ्यात चालत पोचणारा माणूस ऑलिंपिकला पाठवायला हवा.

त्यावरून आमचं टिळकनगरचं घर विकलं ते आठवलं. जुनी बिल्डिंग, बाथरूमच्या भिंतीला ओल, मोझॅकच्या लाद्या. बघायला येणारे नाक मुरडून जायचे. एका जोडप्यातल्या बाई मात्र दुसऱ्यांदा एकट्याच आल्या, कामाच्या दिवशी, संध्याकाळच्या लोकलमधून उतरून थेट चालत. हातात पर्स आणि वाटेत घेतलेली मेथीची जुडी. लाद्यांकडे बघितलंही नाही. आईला विचारलं, रात्री साडेनऊला कोपऱ्यावरचं मेडिकल उघडं असतं का? गल्लीत दिवे लागतात का? गाडी चुकून उशीर झाला तर बाईमाणूस एकटं येऊ शकतं का? नंतर नवरा ओलीवरून भाव पाडत होता, तर त्या म्हणाल्या, “ओल काढता येते हो, स्टेशन कुठून आणणार?” मानपाडा रोडवरचा मोठा, नवा फ्लॅट सोडून त्यांनी आमचं घर घेतलं.

तुमचे असे अनुभव असतील तर लिहा. घेणारे, विकणारे, भाड्याने राहणारे, सगळे चालतील. (‘चालतील’वरची कोटी अनवधानाने.)

खमंग_काकडी
कुकर लावलाय, पटकन लिहिते. आम्ही लांबचं घेतलं कारण स्क्वेअर फुटाचा दर कमी. हप्ता बसत होता. रिक्षाचा हप्ता कुणी धरलाच नव्हता 😀 शेअर रिक्षा दोघांची, दोन्ही वेळची, वर्षाचे बारा महिने, गृहकर्ज संपेपर्यंत. इंदिरा चौकात पावसात रांगेत उभं राहून एकदा हा हिशोब मनातल्या मनात केला आणि सोडून दिला. शिट्टी झाली, आले.

जोशीबुवा_डोंबिवलीकर
टिळकनगर म्हणजे नक्की कुठे? पोस्टाच्या बाजूला की शाळेच्या?

आडवाट
शाळेच्या. तुम्ही पण तिथलेच का?

जोशीबुवा_डोंबिवलीकर
फडके रोडला होतो. धाग्याचा विषय म्हणाल तर आमच्याकडे उलटं झालं. पाडव्याची शोभायात्रा (१९९९ पासूनची) गॅलरीतून दिसते म्हणून सगळे नातेवाईक आदल्या दिवशी मुक्कामाला. दिवाळीच्या पहाटे तर खाली पाऊल ठेवायला जागा नाही. एका गिऱ्हाइकाला घर फार आवडलं होतं, पण तो नेमका नरकचतुर्दशीला सकाळी बघायला आला. परत फिरकला नाही.

कुंपणावरचा
मी ठाण्यात दलालीच करतो, तेव्हा आधी शिव्या घालून घ्या, मग वाचा.

‘चालत ५ मिनिटं’ हे अंतर रविवारी सकाळी, गाडीतून, मधल्या गल्लीने मोजलेलं असतं, हे उघड गुपित आहे. पण गिऱ्हाईकही मोजत नाही. बहुतेक जण गाडीत बसून येतात, लिफ्टने वर जातात, मॉड्युलर किचनची कपाटं उघडून बघतात. गेटपासून बस स्टॉपपर्यंत चालून बघणारे फार थोडे, आणि त्यातही बायका जास्त. त्यांना फसवता येत नाही.

घोडबंदर रोडला रेल्वे स्टेशनच नाही, त्यामुळे तिथे विकायची गोष्ट वेगळी. कॉम्प्लेक्सच्या आत जॉगिंग ट्रॅक, बाक, झाडं. गेटबाहेर फुटपाथचा पत्ता नाही आणि समोरच्या दवाखान्यात जायचं तर हायवे ओलांडायचा. लोक ‘चालायला छान जागा आहे’ म्हणून घर घेतात, पण ती जागा गोल गोल फिरायची. चालत कुठे पोचता येत नाही.

आता वडाळा-कासारवडवली मेट्रोच्या नावावर दर सांगतात. मी गिऱ्हाइकाला एवढंच सांगतो, तुमच्या गेटपासून मेट्रोच्या जिन्यापर्यंत जुलैत चालून बघा. बँकेच्या व्हॅल्युएशन रिपोर्टातही जवळचं स्टेशन, बस, बाजार यांची नोंद असते, पण रस्त्यात गुडघाभर पाणी साचतं हे लिहायला रकाना नाही.

खमंग_काकडी
दलाल असून खरं बोलताय, धंदा कसा चालतो? 😛

कुंपणावरचा
चालत 😀

पहिला_मजला
स्टेशनजवळचं घर हवं म्हणणाऱ्यांनो, आमचं ऐका. वांद्र्याला २००८ मध्ये पहिला स्कायवॉक झाला, मग उपनगरांत ठिकठिकाणी उभे राहिले. त्यातला एक आमच्या बेडरूमच्या खिडकीसमोरून गेला. चालणाऱ्यांची सोय झाली, खोटं कशाला बोलू, मीही त्यावरूनच जातो. पण लोक जाता जाता आमचा टीव्ही बघतात. एकाने क्रिकेटचा स्कोअर विचारला होता. जाड पडदे लावले, दिवसा ट्यूब चालू. विकायला काढलं तेव्हा चौथ्या मजल्यावाल्यांना ‘स्कायवॉक लागून’ म्हणून भाव चढवून मिळाला आणि आम्हाला तेच कारण सांगून पाडून मागितला. शेवटी विकलं नाही, एका क्लासवाल्याला भाड्याने दिलं. त्याने खिडकीत बोर्ड लावलाय. जोरात चाललाय क्लास.

आडवाट
हे भारी आहे, पहिला_मजला!

ओकट्री_रोड
न्यू जर्सीहून. आमचं पहिलं घर एडिसनच्या एका आतल्या वस्तीत होतं. मोठं अंगण, गल्लीचं तोंड बंद, फुटपाथ नाही. आम्ही दोघं गाडी चालवणारे, काही वाटलं नाही. आईबाबा सहा महिन्यांसाठी आले आणि प्रश्न कळला. बाबांना पुण्यात रोज सकाळी कोपऱ्यावर जाऊन पेपर आणि कोथिंबीर आणायची सवय. इथे कोपऱ्यावर दुसरा कोपरा. रस्त्याच्या कडेने चालायला लागले तर शेजारीण गाडी थांबवून विचारायची, सगळं ठीक आहे ना, सोडू का कुठे? दुसऱ्या महिन्यात ते गराजचं दार उघडून आत खुर्ची टाकून बसायला लागले, निदान माणसं दिसतील म्हणून. कुरियरवाल्याशी दोस्ती झाली.

मग आम्ही शेजारच्या मेटचनला घर घेतलं. लहान, जुनं, पायऱ्या करकरतात. पण मेन स्ट्रीट, लायब्ररी, ट्रेन सगळं पायी. पुढच्या खेपेला बाबा लायब्ररीत जाऊन बसायचे. इथे घरांच्या जाहिरातीत बऱ्याचदा ‘वॉक स्कोअर’ दिलेला असतो, म्हणजे पायी किती गोष्टी गाठता येतात त्याचे गुण, ० ते १००. जुनं घर विकताना तो आकडा बघून तरुण जोडपी सरळ पुढे जायची; घेतलं ते तीन मुलं आणि दोन गाड्या असलेल्या कुटुंबाने, अंगणासाठी.

आणि हो, फुटपाथवाल्या घराचं सुख फुकट नाही. आपल्या दारासमोरचा बर्फ आपणच उपसायचा.

आकडेमोड
या स्कोअरवर अमेरिकेत २००९ मध्ये जो कॉर्टराइट या अर्थतज्ज्ञाने अभ्यास केला होता. १५ ठिकाणच्या घरविक्रीत १३ ठिकाणी स्कोअर जास्त तिथे किंमत जास्त दिसली, साधारण एका गुणामागे ७०० ते ३००० डॉलर. पण तो स्कोअर मुख्यतः दुकानं, शाळा किती जवळ आहेत ते बघतो. फुटपाथवर खड्डा आहे की टपरी, ते नाही. आपल्याकडे लावला तर डोंबिवली, दादर, कोथरूड सगळे पहिल्या नंबरात.

वाकडवाकडी
अगदी! आमच्या सोसायटीतून डीमार्ट नकाशावर चिकटून दिसतं. मधे बायपास. त्यामुळे वाटाणे आणायलाही गाडी काढायची, यू टर्न घ्यायचा, पार्किंग शोधायचं. वाटाणे गोड होते पण.

मयूरी_कोथरूड
सासूबाईंचं मयूर कॉलनीतलं घर विकायचं चाललंय म्हणून विचारते. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मंडई, बँक, दवाखाना सगळं पायाशी, आणि २०२२ ला वनाज-गरवारे मेट्रो सुरू झाल्यापासून आयडियल कॉलनी स्टेशनही. पण गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या खालीच उतरू शकत नाहीत. ज्यांना हे सगळं जवळ हवं ते ज्येष्ठ नागरिक लिफ्ट नाही म्हणून येत नाहीत. तरुण येतात, त्यांचा पहिला प्रश्न: दोन गाड्यांचं पार्किंग आहे का? मेट्रो दाखवली तर म्हणतात हो हो, छान आहे, पण पार्किंग?

कुंपणावरचा
ताई, रिडेव्हलपमेंटची बोलणी चालू आहेत का सोसायटीत? असतील तर घाई करू नका.

मयूरी_कोथरूड
गेली कित्येक वर्षं चालूच आहेत 🙏 तळमजल्यावाले तयार नाहीत. त्यांना काय, लिफ्टचं काम नाही.

जोशीबुवा_डोंबिवलीकर
वाटाणे कुठले होते हो, वाकडवाकडी? इथे अजून महाग आहेत.