ड्रॅग रेसमधे आधी पोचलेला हरतो?? ब्रॅकेट क्लास बघायचा तरी कसा

जर्सीचा_जोशी
मंडळी, प्रश्न बावळट वाटेल पण विचारतोच. मागे एकदा एनएचआरएची (अमेरिकेतली ड्रॅग रेसिंगची मोठी संघटना) मोठी रेस बघितली होती, टॉप फ्युएल (सगळ्यात वेगवान गाड्यांचा क्लास) वगैरे, १००० फूट चार सेकंदांच्या आत, छातीत धडधड, कानात बोळे घालूनही डोकं सुन्न, पोरगा जाम खुश. इथल्या इंग्लिशटाऊनच्या ट्रॅकवरचं ड्रॅग रेसिंग २०१८ मधे बंद झालं ते आमच्या सगळ्यात जवळ होतं, म्हणून ह्या रविवारी दुसरीकडच्या एका छोट्या ट्रॅकवर गेलो. हौशी लोकांची ब्रॅकेट रेस होती. स्टँडमधे मोजून पन्नास माणसं, त्यातली निम्मी रेसरच्या घरचीच, डबे उघडून बसलेली.

आणि रेस कशी, तर एका बाजूला म्हातारी सिव्हिक, काचेवर १५.२०, दुसरीकडे खास ड्रॅग रेससाठीच बांधलेला लांबलचक ड्रॅगस्टर, ८.६०. सिव्हिक सुटली, ड्रॅगस्टर आपला जागेवर गुरगुरतोय, साडेसहा सेकंदांनी तो सुटला, शेवटी शेवटी तिला गाठून पुढे निघून गेला, मी टाळ्या वाजवल्या आणि विनचा दिवा सिव्हिकच्या लेनमधे! शेजारच्या आजोबांना विचारलं तर म्हणे ब्रेकआउट. सासरे म्हणाले ही कसली शर्यत. स्कोअरबोर्डचा फोटो आहे: सिव्हिक रिअ‍ॅक्शन .०६२, वेळ १५.२३. ड्रॅगस्टर .०११, वेळ ८.५८. कोणी समजावेल का? आणि असे नियम ठेवल्यावर प्रेक्षक कशाला येतील?

बुटपॉलिश_भाऊ
जोशीबुवा, मी ह्युस्टनजवळ सात वर्षं हेच खेळतोय म्हणून लिहितो, लांबेल, सांभाळून घ्या.

काचेवरचा आकडा म्हणजे डायल-इन. माझी गाडी आज पाव मैल इतक्या सेकंदात जाईल असं मीच आधी लिहून द्यायचं (पांढऱ्या बूटपॉलिशने लिहितात, म्हणून माझं हे नाव). दोन डायलमधला फरक तेवढी हळू गाडीला आघाडी. आता तुमची रेस बघा. रिअॅक्शन म्हणजे हिरवा लागल्यावर सुटायला लागलेला वेळ, तो गाडीच्या वेळेत धरत नाहीत. ड्रॅगस्टरवाला दिव्यावर .०११ ला सुटला, म्हणजे अफाट. सिव्हिकवाला त्याच्यापेक्षा .०५१ नी उशिरा, वर आपल्या डायलपेक्षा .०३ जास्त लावले. म्हणजे ड्रॅगस्टरने ८.६० ते ८.६८ मधलं काहीही आणलं असतं तरी रेस खिशात होती. पण त्याने शेवटपर्यंत दाबून धरलं आणि ८.५८ आलं. स्वतः लिहून दिलेल्या वेळेच्या आत गेलात की बाद, तोच ब्रेकआउट. रेषेच्या आधी समोरच्याकडे बघून किती पुढे आहोत ते ओळखायचं आणि ब्रेकला पाय लावून अगदी नाकभर पुढे राहून जिंकायचं, खरी गंमत तिथे आहे. दोघांचाही ब्रेकआउट झाला तर कमी ज्याचा झाला तो जिंकतो. आणि हिरव्याच्या आधी सुटलात तर लाल दिवा, पुढचं सगळं विसरा.

हा नियम कशासाठी? मी ऑफिसला जातो त्याच गाडीने रविवारी लाखभर डॉलरच्या ड्रॅगस्टरला घरी पाठवू शकतो म्हणून. आमच्या एंट्री फीवर ट्रॅक चालतो, तिकिटावर नाही. प्रेक्षक हवेत कोणाला?

दोन_स्ट्रोक_पुणे
प्रेक्षक हवेत कोणाला म्हणे 😀 मग ट्रॅक बंद पडले की रडू नका.

आपल्याकडे आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन होते ती बघितलीय, तिथे सीसीप्रमाणे क्लास, दोघं एकाच दिव्यावर सुटणार, आधी पोचला तो जिंकला, आजीलाही कळतं. पण त्याचा तोटा पण सांगतो. माझा मित्र यामाहा आरएक्स घेऊन उतरतो, पोर्टिंग करून (इंजिनातल्या हवा-पेट्रोलच्या वाटा घासून), स्वतः डाएट करून. त्याच्यापुढे कोणी दुप्पट खर्च करून आला की संपलं, एका रनमधे खेळ खलास आणि वर्षभर पैसे जमवत बसायचं. त्यामुळे प्रेक्षक खुश पण क्लासमधे पोरं टिकत नाहीत. आणि खरं सांगू का, गर्दी लिटरच्या (१००० सीसी) सुपरबाइकसाठीच थांबते, आमचा क्लास लागला की पब्लिक वडापावच्या रांगेत.

घाटातला_गाडा
गाड्यांमधलं मला काही कळत नाही, मी खेड तालुक्यातला, पण वाचून हसू आलं कारण हे भांडण आमच्याकडे जुनंच आहे. आमच्या खेड-जुन्नर-आंबेगावला बैलगाडे घाटात एकेक सुटतात, शेजारी कोणी नाही, शर्यत सेकंदांशी. सातारा-सांगलीकडे एका वेळी कितीतरी गाड्या शेजारीशेजारी, आधी गट, मग सेमी, मग फायनल, जो पुढे तो पुढे. तिकडचे पाव्हणे आले की तुमच्यासारखंच विचारतात, एकटा गाडा पळतोय त्यात बघायचं काय.

पण आमचा घाट भरलेला असतो की! का, तर माइकवरचा माणूस. गाडा सुटायच्या आधी कोणाचा बैल, कोणत्या गावचा, मागच्या यात्रेत किती सेकंदात आला, सगळं तो सांगतो, आणि सेकंद पुकारले की भंडारा उधळलाच म्हणून समजा. तुमच्या सिव्हिकवाल्याची गोष्ट सांगायला तिथे कोणी होतं का?

जर्सीचा_जोशी
@घाटातला_गाडा नाही हो, माइकवरचा बाबा सगळा वेळ "पांढऱ्या पिकअपचे दिवे चालू राहिलेत" एवढंच सांगत होता.

बुटपॉलिश_भाऊ
हे मात्र मान्य करावं लागेल. आमच्या इथे एक निवेदक आहे तो दोन्ही डायल वाचतो, "हा चार सेकंद वाट बघणार, पाठलाग बघा" म्हणतो, आणि तेवढ्यानेच स्टँडमधली माणसं उभी राहतात. नाहीतर बघणाऱ्याला काय दिसणार, दोन गाड्या वेगवेगळ्या वेळी गेल्या.

आणि ब्रॅकेटला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा सुपर गॅस बघावा. तिथे सगळ्यांना ९.९० सेकंद ठरलेलं, त्याच्या आत गेलात की बाद, दोघं बरोबर सुटतात, म्हणजे प्रेक्षकांच्या सोयीचं, नाही का? तर वेळ बरोबर जुळवायला थ्रॉटल स्टॉप (थोडा वेळ थ्रॉटल आपोआप आवळणारं यंत्र) लावलेला असतो, सुटल्यावर लगेच गाडी मधेच आवळते, आवाज असा की इंजिन बसलं, मग परत उघडते. पहिल्यांदा बघणारा हमखास म्हणतो, अरेरे, बिघडली वाटतं!

जर्सीचा_जोशी
अपडेट. काल परत गेलो, ह्या वेळी वही घेऊन. पोरगा प्रत्येक जोडीचे डायल लिहून घेत होता आणि कोण ब्रेकआउट करणार ते आधी सांगत होता. संध्याकाळी गार वारं सुटलं तशा गाड्या जोरात पळून वेळेचे आकडे खाली यायला लागले, काही जणांनी काचेवरचं पुसून नवीन लिहिलं, ज्यांनी नाही लिहिलं ते पटापट बाद झाले. हे त्याने माझ्याआधी ओळखलं, मला आपलं उगाच वाटत होतं की ड्रायव्हर चुकतायत.

आता तो मागे लागलाय की आपली कॅमरी उतरवू. हेल्मेट लागतं का? आणि डायल, तो म्हणतो १६.४०, मी म्हणतो १६.२०.

बुटपॉलिश_भाऊ
एनएचआरएच्या नियमात हेल्मेट १३.९९ किंवा त्याहून वेगवान गाडीला सक्तीचं आहे, पण काही ट्रॅक सगळ्यांनाच घालायला लावतात, फोन करून विचारा. लांब पँट, बंद बूट, डिकीतला पसारा घरी. एसी बंद ठेवा, पाणी ट्रॅकवर गळलं तर सगळे तुमच्या नावाने ओरडतील.

डायलवरून भांडू नका. आधी टाइम ट्रायलच्या (रेसआधीच्या सरावाच्या) वेळांच्या दोनतीन स्लिपा हातात येऊ देत, मग पॉलिशची बाटली उघडा.