लिस्टच्या ऑपेरा फँटसींना 'लग्नाचा बँड' म्हणणाऱ्यांना उत्तर

काळी चार:
परवा एक पोस्ट वाचली. म्हणे, लिस्ट आणि थालबर्ग या एकोणिसाव्या शतकातल्या पियानोवादक-रचनाकारांनी ऑपेरातल्या चाली घेऊन पियानोवर ज्या फँटसी रचल्या, त्या म्हणजे लग्नाच्या बँडने वाजवलेली सिनेमाची गाणी; सूर दुसऱ्याचे, कसरत आपली. खाली सगळे वाहवा करत होते. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

हे लिहिणाऱ्याने 'डॉन जोव्हानी'वरच्या लिस्टच्या फँटसीची (१८४१) पहिली दोन पानं तरी ऐकली आहेत का? मोत्सार्टच्या या ऑपेरात जोव्हानी हा बायकांना फसवणारा उमराव; त्याने मारलेल्या माणसाचा स्मशानातला पुतळा बोलतो तो दुसऱ्या अंकात. लिस्ट तिथूनच सुरुवात करतो. पहाटेच्या आत तुझं हसणं संपेल, ही धमकी आधी येते आणि त्यानंतर झेरलीना या खेडवळ नवरीला फूस लावणारं 'ला ची दारेम' हे द्वंद्वगीत. तेच गोड गाणं, पण आता ऐकताना पोटात गोळा येतो, कारण या माणसाचं काय होणार हे आपल्याला आधीच कळलेलं असतं. शेवटी शॅम्पेनचं गाणं. ऑपेरात ते पहिल्या अंकातलं आहे, तेव्हा जोव्हानीला कशाचीच भीती नसते. लिस्टने ते पुतळ्याच्या नंतर नेलं आणि त्या धुंदीत पुतळ्याचे सूर पुन्हा घुसवले. तीन प्रसंगांची जागा बदलून त्याने अख्ख्या नाटकाचा अर्थ लावून दाखवला. याला कसरत म्हणायचं?

दुसरं उदाहरण 'नोर्मा'चं. बेल्लिनीच्या या ऑपेरातलं सगळ्यात गाजलेलं गाणं 'कास्ता दिवा'. लिस्टच्या फँटसीत ते नाहीच! नोर्मा स्वतःचा बळी देते, त्या शेवटाच्या चालींवर त्याने सगळा जीव लावला. नुसत्या टाळ्या हव्या असलेला माणूस लोकांच्या ओठांवरचं गाणं गाळेल का?

मंद्र पंचम:
ती वाहवा करणाऱ्यांत मीही होतो, म्हणून उत्तर देतो. दोन अव्वल नमुने पुढे करून अख्ख्या बाजाराची वकिली करू नका. त्या काळच्या पॅरिसमध्ये एखादा ऑपेरा गाजला की त्यावरच्या फँटसींचा रतीब सुरू व्हायचा. पियानोवादक आन्री हेर्त्सने किती लिहिल्या याची गणती नाही. साचा ठरलेला: दणदणीत प्रस्तावना, चाल, तिच्यावर तीन-चार पळापळी, शेवटी धडाका. संगीतकार-समीक्षक शूमानने आपल्या नियतकालिकातून या प्रकाराला वर्षानुवर्षं झोडपलं, ते काय उगाच?

आणि तुमच्या लिस्टचीच गोष्ट सांगतो. एप्रिल १८४१, पॅरिस. बॉनला बेटहोव्हनचा पुतळा उभारायचा म्हणून मदतीचा कार्यक्रम. सगळं बेटहोव्हनचं संगीत, ऑर्केस्ट्रासमोर बर्लिओझ. तर लोकांनी ओरडाआरडा करून मायरबेअरच्या 'रोबेअर' या ऑपेरावरची लिस्टची फँटसी मागितली, आणि लिस्टला बेटहोव्हन बाजूला ठेवून ती वाजवावी लागली! संगीतकार वाग्नरने तेव्हाच वैतागून लिहून ठेवलंय. ज्या कलाप्रकाराने श्रोत्यांना ही सवय लावली, त्याचं कौतुक मला नको.

काळी चार:
शूमान अर्धाच सांगू नका. १८३१मध्ये 'टोप्या काढा, सद्गृहस्थहो, हा प्रतिभावंत आहे' असं त्याने लिहिलं ते कशाबद्दल? शोपँच्या दुसऱ्या ओपसबद्दल (क्रमांक दिलेल्या रचनेबद्दल), म्हणजे 'ला ची दारेम' याच चालीवरच्या व्हेरिएशन्सबद्दल, एकाच चालीच्या बदलत जाणाऱ्या रूपांबद्दल. सूर मोत्सार्टचे, लिहिणारा सतरा वर्षांचा मुलगा. शूमानची तक्रार उसन्या सुरांबद्दल नव्हती, पोकळ बडबडीबद्दल होती. ती मलाही मान्य आहे.

आणि बंदिशीच्या दोन ओळी गुरूकडून घ्यायच्या, तासभर राग मांडायचा, तेव्हा 'सूर दुसऱ्याचे' असं कुणी म्हणतं का?

पांढरी एक:
दोघेही थालबर्गला उडवून लावताय. लिस्ट-थालबर्ग सामना आठवा: ३१ मार्च १८३७, पॅरिसमध्ये राजकन्या बेल्जोयोसोचा दिवाणखाना, इटालियन निर्वासितांसाठी मदत, तिकीट ४० फ्रँक. लिस्टने पाचिनीच्या 'निओबे'वरची फँटसी वाजवली, थालबर्गने रोसिनीच्या 'मोझेस'वरची. लिस्टने त्याआधी जानेवारीत छापील लेखातून थालबर्गची सालं काढली होती, हे भक्तमंडळी सोयीने विसरतात.

ती 'मोझेस' वाजवून बघा. रोसिनीची प्रार्थना मधल्या पट्टीत, आणि ती गातात अंगठे. उजव्या अंगठ्याने सूर धरला की पेडल तो तेवत ठेवतो आणि तोच हात वर झुळझुळत निघून जातो. पुढचा सूर तोवर डावा अंगठा घेतो. ऐकणाऱ्याला वाटतं तिसरा हात आहे. लोक म्हणे उभे राहून बघायचे. हे सगळं करताना माणूस खुर्चीत पुतळ्यासारखा स्थिर! केस उडवणं नाही, चेहरे नाहीत. आज व्हिडिओत मान हलवण्यालाच संगीत समजणाऱ्या पोरांना थालबर्ग सक्तीने शिकवला पाहिजे. पियानोने गावं कसं यावर त्याने १८५३मध्ये अख्खा संग्रह काढला, तो कुणी उघडत नाही.

वीतभर:
सगळे ऐकण्याबद्दल बोलताय. वाजवणाऱ्याच्या हाताचं काय?

रशियन संगीतकार स्क्र्याबिन विद्यार्थी असताना बरोबरीच्या लेविनशी चढाओढ म्हणून हीच 'डॉन जोव्हानी' आणि बालाकिरेवचं 'इस्लामे' ही पियानोची अवघड रचना घोकत बसला आणि उजवा हात निकामी करून घेतला. डॉक्टरांनी आशा सोडली होती. माझं नाव कुणाला माहीत नाही, पण गोष्ट तीच. माझी वीत लहान. द्वंद्वगीताच्या व्हेरिएशनमध्ये एकाच हाताने दोन-दोन सूर, अर्ध्या-अर्ध्या सुराने पळत जातात. शिक्षक म्हणाले, दुखतंय म्हणजे हात तयार होतोय. चार महिने तसंच रेटलं. एका सकाळी चहाचा कप उचलता येईना. मनगटाला पट्टा, सहा महिने पियानो बंद. परीक्षेचा फॉर्म भरलेला, तो फाडला.

त्यामुळे 'नाटकाचा अर्थ' वगैरे वाचलं की माझ्या मनगटात कळ येते.

मंद्र पंचम:
वाईट झालं. पण याने माझाच मुद्दा सिद्ध होतो. जे वाजवायला हात मोडावा लागतो ते संगीत नव्हे. आणि झेपत नसेल तर निवडू नये, सरळ गोष्ट आहे.

वीतभर:
'झेपत नसेल तर निवडू नये' हे एकोणीस वर्षांच्या मुलीला कोण सांगणार होतं? शिक्षकच ना? निवड माझी नव्हती. तुम्ही हातात कप धरून बसला असाल, म्हणून इतकं सहज लिहिता.

पांढरी एक:
पंचम, हे बोलणं बरं नाही. मागे घ्या.

मांडवीकाठ:
मी पणजीत मुलांना पियानो शिकवते, तीसेक वर्षं. वीतभर, बाये, दोष तुझ्या हाताचा नाही. आजच्या पियानोवर एक सप्तक साधारण १६.५ सेंटीमीटर भरतं आणि हे माप मोठ्या हातांच्या पुरुषांना धरून चालत आलंय. योझेफ हॉफमानसारख्या दिग्गज पियानोवादकाने स्वतःसाठी अरुंद पट्ट्यांचा (बोटांनी दाबायच्या कींचा) पियानो करून घेतला होता. हल्ली १४ सेंटीमीटरच्या सप्तकाचे पियानोही बनतात. हॉफमानने मागितलं तर ती सोय, माझ्या विद्यार्थिनीने मागितलं तर ती पळवाट. हे मी तीस वर्षं ऐकतेय.

दुसरं म्हणजे पट्टीचं वजन. लिस्टच्या काळातल्या पियानोची पट्टी आजच्यापेक्षा हलकी, कमी खोल. पियानो बनवणाऱ्या एरारने १८२१मध्ये अशी यंत्रणा केली की पट्टी पूर्ण वर यायच्या आत तोच सूर पुन्हा वाजवता येतो. या फँटसींतले भराभर पडणारे सूर त्या यंत्रावर जन्मले. ते आजच्या जड पट्टीवर, त्याच वेगाने, लहान मुलांकडून करून घ्यायचे आणि रडली की 'रियाज कमी' म्हणायचं! माझ्या वर्गात दुखलं की हात मांडीवर. पालक तक्रार करतात, करू देत.

मंद्र पंचम:
वीतभर, माझं वाक्य चुकलं. मागे घेतो. शिक्षकाचा दोष तुमच्यावर ढकलायला नको होता.

पण मांडवीकाठ, यंत्र हलकं होतं म्हणून रचना थोर ठरत नाही. त्या फँटसी टाळ्यांसाठीच होत्या.

काळी चार:
मग एवढं सांगा. लिस्टने १८४७मध्ये पैशासाठी मैफली करणं सोडलं. व्हेर्दीच्या 'रिगोलेत्तो' या ऑपेरावरची पॅराफ्रेज, म्हणजे अशीच एक फँटसी, १८५९ची. वाग्नरच्या ऑपेरातल्या इझोल्डेचा शेवट त्याने पियानोवर आणला १८६७मध्ये. व्हेर्दीच्या 'सिमोन बोकानेग्रा'वर लिहिलं १८८२मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर. कोणत्या टाळ्या?

'रिगोलेत्तो'चंच बघा. तिसऱ्या अंकातलं चौघांचं गाणं: ड्यूक लाडीगोडी लावतोय, माद्दालेना हसून उडवून लावतेय, बाहेर अंधारात ड्यूकवर जीव जडलेली जिल्दा हे ऐकून हुंदके देतेय, तिचा बाप रिगोलेत्तो सूडाने पेटलाय. लिस्टने ड्यूकची चाल मध्यभागी ठेवली, माद्दालेनाचं हसू वरच्या पट्टीत तुटक-तुटक सुरांत, आणि जिल्दाचे हुंदके त्याच पट्टीत खाली घसरत येणारे. दहा बोटांत हसणं आणि रडणं एकाच वेळी. ऑपेराचं तिकीट ज्याच्या नशिबात नव्हतं, ध्वनिमुद्रण तर जन्मायचंच होतं, त्या गावच्या माणसाला हे असंच भेटायचं.

वीतभर, तुझं वाचून मात्र मी गप्प झाले. मी वाजवत नाही, ऐकते. हा हिशेब मी कधी केलाच नव्हता.

मंद्र पंचम:
रात्री 'नोर्मा' दोनदा ऐकली. 'कास्ता दिवा'ची वाट बघत बसलो आणि शेवटच्या पानांत विसरूनच गेलो. ठीक आहे, 'नोर्मा' आणि 'डॉन जोव्हानी' या दोन्ही फँटसी 'लग्नाच्या बँड'च्या यादीतून काढतो. हेर्त्स तिथेच राहील.

पांढरी एक:
आणि थालबर्ग?

मंद्र पंचम:
अजून ऐकला नाही. अंगठ्यांसाठी ऐकेन.

मांडवीकाठ:
वीतभर, आता काय वाजवतेस?

वीतभर:
हात दुखत असताना स्क्र्याबिनने फक्त डाव्या हातासाठी लिहिलेलं नोक्टर्न, म्हणजे रात्रीचं शांत गीत, ओपस ९मधलं. चाल पाहाल तर थेट इटालियन ऑपेरातली, मध्ये गायिकेसारखी लांब तानही आहे. अंगठा गातो, बाकीची बोटं खाली साथ करतात, 'मोझेस'मध्ये करतात तशीच. उजवा हात मांडीवर असतो.