युनिट ट्रेनिंग: पंधरा गोष्टी उरकण्यापेक्षा चारच पक्क्या करा (या, वाद घाला)

कोरा नकाशा:
सरळ मुद्द्यावर येतो. कुठल्याही सैन्यातल्या कंपनीचं नाहीतर बटालियनचं वर्षाचं ट्रेनिंग कॅलेंडर उघडा, एक चौकोन रिकामा सापडायचा नाही. गच्च भरलेलं, रंगीबेरंगी, वरच्यांना बघायला एकदम छान. पण यातलं युनिटला खरोखर येतं किती असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. एक ना धड भाराभर चिंध्या.

आणि ही नुसती माझी चिडचिड नाही. अमेरिकेच्या आर्मी वॉर कॉलेजमधल्या लेनर्ड वाँग यांनी 2002 मध्ये हिशोब मांडला होता, कंपनी कमांडरकडे वर्षाला ट्रेनिंगसाठी 256 दिवस आणि वरून सक्तीने आलेलं ट्रेनिंग 297 दिवसांचं. म्हणजे त्या बिचाऱ्याने स्वतःच्या डोक्याने एकही सराव आखला नाही तरी 41 दिवस कमीच पडतात! मग तो काय करणार, झालं म्हणून सही ठोकणार. 2015 मध्ये वाँग आणि स्टीफन गेरास यांनी परत अभ्यास केला तो ह्याच खोट्या सह्यांवर.

तर माझं म्हणणं असं. युनिटने लढाईत नक्की काय करायचंय त्यावरून चार, फार तर पाच कामं काढायची. बाकीचं यंदा होणार नाही हे वरच्याला तोंडावर सांगायचं आणि त्याची जोखीम त्याच्याकडून लेखी घ्यायची. मग ती चार कामं दिवसा, रात्री, गॅस मास्क लावून, रेडिओ बंद पाडून, कमांडर "मेला" असं जाहीर करून, परत परत परत. घड्याळ बघून सराव संपवायचा नाही, जमलं की संपवायचा. आणि परत करायला लागणार हे धरूनच वेळ ठेवायचा, कारण पहिल्या फेरीत कोणालाच जमत नाही.

खंदक:
साहेब, ऐकायला झकास आहे पण एक सांगा, ती चार कामं ठरवणार कोण आणि कशाच्या जोरावर? उद्याचं युद्ध कुठलं ते आधी कळलेलं सैन्य मला तरी माहीत नाही. 1950 मध्ये जपानमध्ये बसलेल्या अमेरिकन युनिटांना विचारलं असतंत तर त्यांनी आपलं काम म्हणजे ताबा सैन्याचं, पहारा, गस्त, बंदोबस्त असंच सांगितलं असतं. मग जुलैत त्यांच्यातलेच 540 जण टास्क फोर्स स्मिथ म्हणून कोरियात उतरवले, 5 जुलैला ओसानजवळ रणगाडे अंगावर आले आणि काही तासांत फळी मोडली. चारच कामं पक्की केलेली युनिट्स पाचव्या कामाला अशीच मरतात.

कोरा नकाशा:
अहो हे उदाहरण तर माझ्या बाजूचं आहे. त्यांनी चार पक्की केली होती कुठे? ताबा सैन्याच्या कामांतून लढाईच्या सरावाला वेळच नव्हता उरत. पुढून शत्रू दाबतोय आणि आपण टप्प्याटप्प्याने मागे येतोय, हे एकच काम जरी अंगात मुरलेलं असतं ना तरी माघारीत एवढी दाणादाण उडाली नसती.

तोफखाना प्रेमी:
दोघंही जरा थांबा. ओसानला ट्रेनिंग कितीही असतं तरी 2.36 इंची बझूका (खांद्यावरून डागायचा रणगाडाविरोधी रॉकेट) समोरच्या टी-34 या रशियन बनावटीच्या रणगाड्याच्या चिलखताला काही करत नव्हता, ते लोक जवळून मारत होते तरी रणगाडे पुढे चाललेले. तोफांकडे रणगाडाभेदी गोळे किती, तर 6. समोर रणगाडे 33. सहा गोळ्यांचा सराव करून करून कितीसा करणार? पराभव झाला की ट्रेनिंगच्या नावाने बिल फाडायचं ही सगळ्या सैन्यांची जुनी खोड आहे, कारण ट्रेनिंग कमी होतं म्हणणं सोपं, सामान दिलं नाही म्हटलं की कोणाची तरी खुर्ची हलते.

खंदक:
+1, पण सामान वेगळं आणि ट्रेनिंग वेगळं असं तोडता पण येत नाही. सामान काय करू शकत नाही हे युनिटला युद्धात कळलं, सरावात नाही, हाच तर घोळ.

मागची फळी:
इथे सगळे कुठली कामं यावरच भांडताय. मी बरीच वर्षं सराव आखायच्या बाजूला काढलीत आणि माझ्या मते चांगल्या युनिटचं ट्रेनिंग बिघडतं ते यादीमुळे नाहीच, ते बिघडतं सरावाच्या सहा-आठ आठवडे आधी. गोळीबाराची रेंज बुक केली पण दारूगोळ्याची मागणी उशिरा गेली. गाड्या आल्या, ड्रायव्हर दुसऱ्या ड्यूटीवर. शिकवणाऱ्याला स्वतःलाच ते काम आदल्या रात्री पुस्तकातून वाचायला लागतंय, मग तो पोरांना काय शिकवणार, पुस्तकच वाचून दाखवणार. जागा आधी स्वतः पायाखालून घालायची, नकाशावर मोकळं माळरान दिसतं आणि जाऊन बघावं तर पाणी साचलेलं. शिकवणाऱ्यांचा सराव आधी, त्यांना जमतंय हे कमांडरने डोळ्यांनी बघायचं, मगच बाकीची कंपनी बाहेर काढायची.

आणि सगळ्यात जास्त वेळ कुठे जातो माहितीये का, वाट बघण्यात. रेंजवर आठ जण फायर करतायत आणि शंभर जण मागे बसून आपला नंबर कधी येतो बघतायत. त्या शंभरांना तिथेच मागे प्रथमोपचार, रेडिओचे कॉल, हत्यार जॅम झालं तर काय, अशी छोटी छोटी स्टेशनं लावून द्या, तेवढ्यातच तुमची अर्धी सक्तीची यादी निघून जाते आणि वेगळा दिवसही लागत नाही. हे करायला अक्कल कमी आणि चिकाटी जास्त लागते म्हणून कोणी करत नाही.

अजून एक. वरून शेवटच्या आठवड्यात बदललेला कार्यक्रम हा ट्रेनिंगचा एक नंबर शत्रू. कागदावर बहुतेक ठिकाणी नियम आहे की अमुक आठवड्यांच्या आत वेळापत्रक बदलायचं झालं तर वरच्या कमांडरची परवानगी लागेल. पाळतं कोण?

बिनतारी:
मागची फळी यांना दंडवत. पण काका, स्टेशनं लावून "निघून गेलेली" यादी म्हणजे परत उरकणंच झालं की. वीस मिनिटांचं प्रथमोपचार करून कोणाला टुर्निके (रक्त थांबवायचा पट्टा) बांधता येत नाही.

मागची फळी:
पहिल्यांदा शिकायला वीस मिनिटं पुरत नाहीत, बरोबर. पण शिकलेलं गंजू नये म्हणून दर आठवड्याला वीस मिनिटं पुरतात. 2017 आठवतंय का, जूनमध्ये फिट्झजेराल्ड आणि ऑगस्टमध्ये मॅककेन, दोन अमेरिकन विनाशिका व्यापारी जहाजांवर आदळल्या, 7 आणि 10 नौसैनिक गेले. नंतरच्या सरकारी तपासणीत निघालं की जपानमधून चालणाऱ्या तिथल्या क्रूझर आणि विनाशिकांच्या क्रूची 37 टक्के प्रमाणपत्रं तेव्हाच मुदत संपलेली होती. शिकवलं नव्हतं असं नाही. शिकवलेलं शिळं झालं आणि जहाजं ड्यूटीवर जातच राहिली.

नकाशावाचक:
पुनरावृत्तीच्या बाजूने माझ्याकडून एक. 10 मे 1940, बेल्जियमचा एबन एमाएल किल्ला. जर्मनांची ऐंशीच्या आसपास माणसं ग्लायडरमधून थेट किल्ल्याच्या डोक्यावर उतरणार, त्यासाठी कित्येक महिने सराव, त्यातला काही सुडेटनलँडमधल्या जुन्या चेक तटबंदीवर. ऐनवेळी काय झालं तर कमांडर रुडॉल्फ विट्झिगच्या ग्लायडरचा दोर तुटला आणि तो जर्मनीतच शेतात उतरला!! पुढची लढाई वेन्झेल नावाच्या सार्जंट दर्जाच्या माणसाने चालवली आणि मुख्य तोफा थोड्याच वेळात बंद पाडल्या. विट्झिग काही तासांनी येऊन पोचला तोवर खरं काम झालेलं. पेगॅसस ब्रिजचं तेच (1944, नॉर्मंडी, ब्रिटिशांनी ग्लायडरने उतरून घेतलेले जवळजवळचे दोन पूल), त्यांचा कमांडर जॉन हॉवर्डने प्रत्येक प्लाटूनला बाकीच्यांची पण कामं करायला लावली होती कारण ग्लायडर कुठल्या क्रमाने उतरतील काही भरवसा नाही. सहापैकी एक ग्लायडर भलत्याच पुलाजवळ उतरला, तरी दोन्ही पूल हाती आले.

म्हणून खंदकराव, एकच काम शंभरदा केलं म्हणजे माणूस ठोकळा होतो असं नाही. दरवेळी काहीतरी मोडून करायचं. आज कमांडर नाही, उद्या रेडिओ नाही, परवा अर्धी माणसं नाहीत.

खंदक:
उदाहरणं भारीच आहेत पण दोन्ही ठिकाणी टार्गेट एक, ठिकाण माहीत, जवळपास महिना सुद्धा माहीत. तो एका नाटकाचा सराव. सर्वसाधारण इन्फंट्री कंपनीला पुढच्या वर्षी शहरात लढायचंय का डोंगरात का पूरग्रस्तांना बाहेर काढायचंय हेच माहीत नसतं. मला म्हणून मोठे, मोकळे, दोन बाजूंचे युद्धसराव जास्त महत्त्वाचे वाटतात. 1941 चा लुइझियानाचा सराव बघा, चार लाखांच्या आसपास सैनिक, रणगाडे पुरेसे नाहीत तर ट्रकांवर "टँक" अशी पाटी. त्या हास्यास्पद सरावातून कुठला जनरल कामाचा आणि कुठला नाही हे कळलं, बरेच म्हातारे बाजूला केले गेले. हे तुमच्या चार कामांच्या उजळणीतून कळलं असतं का?

उलटतपासणी:
मोठे सराव म्हटलं की मला 2002 चा अमेरिकेचा मिलेनियम चॅलेंज आठवतो. 25 कोटी डॉलर खर्च, लाल म्हणजे शत्रूच्या बाजूला निवृत्त जनरल पॉल व्हॅन रायपर. त्याने मोटरसायकलवरून निरोप पाठवले, क्षेपणास्त्रं आणि छोट्या बोटींचा एकदम मारा केला आणि निळ्यांची, म्हणजे अमेरिकेच्या बाजूची, 16 जहाजं कागदावर बुडवली. मग पंचांनी काय केलं, जहाजं परत तरंगवली आणि पुढे लाल बाजूला हे करू नका ते करू नका. व्हॅन रायपर बाजूला झाला. मोठा सराव जितका महाग तितकं त्यात हरणं कोणाला परवडत नाही, आणि हरायची सोय नसेल तर मग ती परेड झाली, सराव कसला.

नकाशावाचक:
बरोब्बर, आणि म्हणूनच फोर्ट अर्विन (अमेरिकन सैन्याचं कॅलिफोर्नियातलं सराव केंद्र) वेगळं. 80 च्या दशकात तिथे पाहुण्या युनिटला सोव्हिएत पद्धतीने लढणारा कायमचा शत्रू दिला, लेझरने कोण मेला ते कळतं त्यामुळे "मी आधी मारलं" हा वाद नाही, आणि पाहुणे सहसा मार खायचे. त्याचं फळ 26 फेब्रुवारी 1991 ला आखाती युद्धात इराकच्या वाळवंटातल्या 73 ईस्टिंगच्या लढाईत दिसलं, मॅकमास्टरच्या ईगल ट्रूप या अमेरिकन रणगाडा तुकडीने वाळूच्या वादळात 23 मिनिटांत समोरची फळी उद्ध्वस्त केली.

तोफखाना प्रेमी:
परत तेच! त्या वादळात एका बाजूला थर्मल साइट (उष्णतेवरून शत्रू दाखवणारी दुर्बीण) होती आणि दुसऱ्या बाजूच्यांना समोरचं दिसत सुद्धा नव्हतं. जिंकलं की ट्रेनिंग, हरलं की ट्रेनिंग नाही. 😄

नकाशावाचक:
साइट रणगाड्याला असते, पण समोर अचानक शत्रू दिसल्यावर वर न विचारता गाडी पुढे घालायचा निर्णय साइट घेत नाही भाऊ. तो सवयीचा असतो.

शिस्तीत चाला:
वास्तव, मोकळा, रात्रीचा, गोंधळाचा सराव सगळ्यांना पाहिजे. त्याची किंमत पण सांगा की. एप्रिल 1944, एक्सरसाइझ टायगर, नॉर्मंडीच्या आधीची रंगीत तालीम. जर्मन ई-बोटी (वेगवान टॉर्पेडो बोटी) मध्ये घुसल्या आणि 749 अमेरिकन गेले, पुढे नॉर्मंडीतल्या युटा बीचवर पहिल्या दिवशी मेले त्यापेक्षा कितीतरी जास्त. रेडिओची फ्रिक्वेन्सी टायपिंगच्या चुकीने वेगळी छापलेली, आणि अनेकांनी लाइफबेल्ट चुकीचा बांधला होता त्यामुळे पाण्यात डोकं खाली गेलं. आता मला सांगा, लाइफबेल्ट बांधणं हे तुमच्या "चार कामांत" कोणी घेतलं असतं? ते सक्तीच्या कंटाळवाण्या यादीतच असतं. त्या यादीला शिव्या घालताना जरा जपून.

कोरा नकाशा:
हा मुद्दा मान्य, अर्धाच पण. लाइफबेल्ट हा किनाऱ्यावर उतरण्याच्या कामाचाच तुकडा आहे. काम नीट घेतलं तर त्यात येतो, वेगळी यादी केली की त्याचा तक्ता होतो आणि तक्त्यावर टिक पडते. माझा राग तक्त्यावर आहे.

बिनतारी:
कोणी एएआरबद्दल बोलेना. सराव झाल्यावरचा आढावा, काय ठरलं होतं, काय झालं, का झालं, आता काय बदलायचं. सत्तरच्या दशकात अमेरिकन सैन्याने हे सुरू केलं आणि आता सगळे नावापुरतं करतात. मी ज्या बैठका बघितल्यात त्यात वरिष्ठ आधी अर्धा तास बोलतो, मग विचारतो कोणाला काही सांगायचंय का, अर्थातच कोणाला नसतं. माझं मत, वरिष्ठ शेवटी बोलला पाहिजे आणि पहिल्यांदा स्वतः काय चुकला ते त्याने सांगितलं पाहिजे.

शिस्तीत चाला:
इथे मी स्पष्ट विरोधात. जवानांसमोर कमांडरने चुका मोजायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच जवानांना गोळ्यांत पुढे चला म्हणायचं? अधिकाऱ्यांचं वेगळं घ्या, बंद दाराआड.

मागची फळी:
जवानांना कमांडर काय चुकला ते आढाव्याच्या आधीच माहीत असतं हो. त्याला ते माहीत आहे का, एवढंच त्यांना बघायचं असतं.

खंदक:
बरं ते जाऊ द्या. कोरा नकाशा, तुमची चार कामं लिहा पाहू, साध्या इन्फंट्री कंपनीसाठी. हवेत नको.

कोरा नकाशा:
घ्या. हल्ला, बचाव, गस्त आणि घात (दबा धरून मारा), दबावाखाली माघार. झालं.

खंदक:
जखमींना रात्री मागे नेणं? वरून ड्रोन फिरतोय तेव्हा लपणं? तोफांचा मारा मागवणं? दारूगोळा पुढे पोचवणं?

कोरा नकाशा:
ती वेगळी कामं नाहीत, ती त्या चारांच्या पोटात आहेत. प्रत्येक हल्ल्यात दोघंतिघं जखमी करायचे, प्रत्येक बचावात ड्रोन उडवायचा, मारा मागवायचा आणि रात्री दारूगोळा पुढे आणायचा.

खंदक:
म्हणजे आठ झाली. मी पहिल्यापासून काय वेगळं म्हणतोय?