तिबेटी गालिचा: फरशीवर अंथरावा की बैठकीवर?

माधवी_नाशिक (प्रश्न)

माझ्या दिरांनी नेपाळमधील ललितपूरच्या जावलाखेल भागातून एक लोकरी गालिचा आणला आहे. तो अंदाजे तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब असून गडद निळ्या रंगावर कमळे आहेत. दिवाणखान्याच्या फरशीवर अंथरला की तो फारच अपुरा दिसतो, आणि पलंगाशेजारी पायपुसण्यासारखा टाकायला मन होत नाही. तिबेटी लोक याच मापाचे गालिचे का विणतात आणि घरात ते कशासाठी वापरतात? शिवाय हा खरोखर हातमागावरचा आहे, याची खात्री घरच्या घरी करता येईल का?

हिमवाट

माधवीताई, हे माप खोलीचे नसून माणसाचे आहे. या आकाराच्या गालिच्याला ‘खादेन’ म्हणतात. तिबेटी घरात भिंतीलगत ठेंगणे बाक किंवा ओटे असतात, त्यांवर जाड गाद्या घालतात आणि गादीवर खादेन अंथरतात. दिवसा त्यावर बसून समोरच्या बुटक्या चौरंगावर लोणी घातलेला खारा चहा घ्यायचा आणि रात्री त्याच जागी झोपायचे, असा साधा व्यवहार. बारा-तेरा हजार फुटांवरच्या थंडीत अंगाखाली लोकरीचा जाड थर लागतोच, त्यामुळे गालिचा ही तेथे सजावटीआधी गरजेची वस्तू ठरते. एका माणसाच्या बैठकीसाठी लहान चौरस आसनेही विणतात.

मठांत हाच विचार लांबीत वाढतो. प्रार्थनागृहात भिक्षू रांगेने बसतात म्हणून तेथे लांबच लांब पट्ट्या अंथरतात, आणि पुष्कळ पट्ट्यांवर चौकोन विणून प्रत्येकाची जागा नेमून दिलेली असते. ग्यांत्से आणि शिगात्से यांच्या दरम्यानचे वांगदेन खोरे अशा मठांच्या गालिच्यांसाठी विशेष ओळखले जाते. घोड्याच्या खोगिराखाली एक आणि खोगिरावर दुसरा असे जोडगालिचेही असत. खालचा मोठा, वरचा लहान. मठांतील खांबांभोवती गुंडाळायच्या गालिच्यांवरचा ड्रॅगन तर खांबाला वेढा पडल्यावरच पूर्ण दिसतो. वाघाच्या कातड्यासारखे पट्टे विणलेली आसने मात्र रोजच्या वापरातली नव्हेत. त्यांचा संबंध तांत्रिक साधना आणि मोठ्या लामांच्या मानाशी आहे.

तेव्हा तुमचा गालिचा दिवाणावर घाला. तो तेथेच शोभेल.

उभा_माग

ओळखण्याविषयी लिहितो. प्रथम गालिचा उलटा करा. पाठीवर गोंदाने चिकटवलेले कापड असेल, तर लोकर यंत्राने किंवा पिस्तुलासारख्या अवजाराने कापडात टोचलेली आहे असे समजावे. अस्सल विणकामात पाठीवर पुढचीच नक्षी गाठींच्या ओळींतून स्पष्ट दिसते. कडेची झालर ही ताण्याचेच, म्हणजे मागावर ताणलेले उभे धागे असते, नंतर शिवून लावलेली पट्टी नव्हे. जुन्या गालिच्यांत ताणा लोकरीचा असे, हल्ली तो बहुधा सुती असतो. त्यामुळे सुती झालर दिसली म्हणून शंका घेऊ नये.

खरी गंमत गाठीत आहे. इराणी विणकर प्रत्येक गाठ मारून धागा तिथल्या तिथे तोडतो. तिबेटी विणकर उभ्या मागासमोर बसून ताण्यावर एक आडवी सळई धरतात आणि लोकरीचा धागा ताण्याच्या धाग्यांमागून घेऊन पुन्हा सळईवर, असे लोकरीचे वेढे घालत पुढे सरकतात. नक्षीत रंग बदलेल तेथे दुसरा धागा घ्यायचा, एवढेच. ओळ पूर्ण झाली की ती हातोडीने ठोकून घट्ट बसवतात, मग सळईच्या कडेने सुरी फिरवून सगळे वेढे एकदम कापतात, सळई सुटते आणि लव, म्हणजे लोकरीची कापलेली टोके, उभी राहते. यामुळे काम झपाट्याने होते. बाजारात हे गालिचे चौरस इंचाला ६०, ८० किंवा १०० गाठी असे सांगून विकतात. बारीक इराणी कामाच्या मानाने हे आकडे लहान आहेत, पण त्यावरून दर्जा ठरवणे मला अन्यायाचे वाटते: जाड धाग्यात आणि उंच लवेत ठसठशीत कमळ जसे उठते, तसे नाजूक वेलबुट्टीचे काम उठणार नाही.

पश्मीना_नव्हे

हिमवाट यांचे म्हणणे जुन्या तिबेटी घरापुरते बरोबर आहे, परंतु जावलाखेलचा इतिहास थोडा निराळा आहे. १९५९ नंतर तिबेटमधून आलेल्या निर्वासितांना पोट भरण्यासाठी हीच कला हाताशी होती. दार्जिलिंगचे स्वावलंबन केंद्र त्याच वर्षी सुरू झाले, आणि जावलाखेलचे काम १९६०च्या दशकाच्या आरंभी स्विस मदतीने उभे राहिले. पुढे युरोपात, त्यातही जर्मनीत, मागणी वाढली तेव्हा तिकडच्या खोल्यांच्या मापाचे, फिक्या रंगांचे आणि फरशीवरच अंथरायचे गालिचे नेपाळात विणले जाऊ लागले. तिबेटी लोकरीत न्यूझीलंडची लोकर मिसळू लागली. मुलांना मागावर बसवण्याविरुद्ध १९९०च्या दशकात ‘रगमार्क’ ही खूणचिठ्ठी आली, ती दक्षिण आशियातल्या गालिच्यांच्या व्यापारातल्या तक्रारींमुळे. त्यामुळे फरशीवर अंथरल्याने परंपरा मोडते असे नाही. मात्र तुमच्या गालिच्याचे माप खादेनचेच आहे, म्हणून दिवाणाची सूचना मलाही पटते.

माधवी_नाशिक

सर्वांचे आभार. पाठीवर कापड नाही आणि कमळे उलट बाजूनेही दिसतात. तो दिवाणावर घालते. पावसाळ्यात काय करावे?

उभा_माग

घोंगडीची घेता तीच काळजी घ्या. पावसाळ्यापूर्वी उन्हात उलटा टाकून झटकावा, पूर्ण कोरडा झाल्यावर लव आत ठेवून गुंडाळावा आणि कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह सुती चादरीत बांधावा. प्लॅस्टिकमध्ये बांधू नये, ओल आत कोंडते. कसर अंधारात आणि न हलवलेल्या कापडात लागते, म्हणून उघडीप मिळेल तेव्हा सोडून पाहावा. रोज बसण्याच्या वापरातला गालिचा बांधून ठेवण्याची तर गरजच नाही.