आधी पदकाची कड बघा
वडील भारतीय शांतिसेनेतून श्रीलंकेला होते, जुने सोबती शोधायचेत, पण आता त्यांना युनिटही धड सांगता येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आधी पदकं बाहेर काढा. आमच्या कळव्याच्या घरी काकांचं विदेश सेवा पदक आईच्या शिवणाच्या डब्यात बटणांमध्ये पडलं होतं. त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव, युनिट कोरलेलं असतं. भिंग घेऊन बसा. आणि पितांबरीने घासू नका हो, आमच्या आईने चकचकीत करायच्या नादात दोन आकडे पुसट केले!

नंबर मिळाला की रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाका. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला आहे. ठाण्यातलं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयही आहेच, डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून बाहेर पडताना मिळालेलं पुस्तक, सोबत न्या.

1987 ते 1990 या काळात तिथे आपले अकराशेहून जास्त जवान शहीद झाले. कोलंबोजवळच्या स्मारकावर त्यांची नावं आहेत. त्यामुळे वडिलांना आधी विचारा, कोणाला शोधायचंय. काकांनी दोन नावं सांगितली आणि तिसऱ्याला गप्प झाले. पहिल्याला फोन लागला तेव्हा पलीकडून एवढंच आलं, "आहेस होय अजून?"